टिकलीची माय

माय, समुद्राच्या काठाला परभणी नावाचा एक ढीग असतो. मला हे यंदाच कळलं, आणि कळल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सगळी नोकरी धरणं आणि तळी करण्यात गेली, रोहू-कटल्याची बोटुकली मोजता मोजता केस पांढरे झाले, आणि आता या वयात मत्स्यखात्यानं मला उचलून कोकणातल्या एका बंदरावर नेऊन टाकलं. काम काय, तर सकाळी होड्या लागल्या की मासळी किती आली, केवढी आली, त्यात लहान किती, हे बघून लिहायचं. रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. मी वही घेऊन उभी आहे, बायका टोपल्या उलट्या करून मासळी निवडायला बसल्यात, आणि त्यांच्यातली एक म्हातारी मावशी दुसरीला सांगते, "परभणी हडे टाक गो, पायाखाली येतली." घरापासून इतक्या लांब आपल्या जिल्ह्याचं नाव कानावर पडलं की आधी बरंच वाटतं. मला वाटलं, आपल्याकडची कुणी बाई मजुरीला आली असेल. हल्ली आपली माणसं कुठंकुठं जातात. मी हौसेनं विचारलं, "मावशी, यात परभणीची कोण आहे?"

"परभणीची कोण नाय, हीच परभणी," असं म्हणून तिनं हातानं ढीग दाखवला. गोल, चपटी, चकचकीत पिल्लं, बोटाच्या एका पेराएवढी. "पापलेटाची पोरां ती. हय कोण खाईत नाय. सुकवन परभणीक धाडतत. थयल्या लोकांका मोठो मासो नको, पोरांच व्हयी." बाकीच्या बायका हसल्या. मी वाकून त्यातलं एक उचललं. ओलं होतं, डोळा काळाभोर होता. ओलं मी कधी पाहिलंच नव्हतं. वाळलेलं, मिठानं पांढरं पडलेलं, भाकरीवर ठेवलेलं मात्र हजार वेळा पाहिलं होतं. ती टिकली होती, माय. आपली टिकली. मी तिथंच बर्फाच्या उपड्या खोक्यावर मटकन बसले. मावशीला वाटलं, ऊन लागलं. तिनं तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचो गाव खंयचो?" मी म्हणाले, "लांबचा. घाटावरचा." परभणीचं नाव घेतलं नाही.

तेव्हापासून मला तू चारठाण्याच्या बाजारात बसलेली दिसतेस. सुकटवाल्यांची रांग सगळ्यांत शेवटी, भाजीवाले आणि बांगडीवाले संपले की मग आपण, कारण आपला वास कुणाला नको आणि माल मात्र सगळ्यांना हवा. आमचा बाप ऊसतोडीला गेला की आपल्या तिघी मायलेकींचं सगळं त्या एका पोत्यावर. अक्का पोत्याचं तोंड धरायची, मी वाटे लावायची, तू सूप घेऊन जवळा पाखडायचीस. जवळा म्हणजे वाळलेली बारीक कोळंबी, पण आपल्याला कुठं कोळंबी म्हणून ठाऊक होती. पोत्यातून येतो तो जवळा. समुद्र म्हणजे तरी काय, पोत्याचा वास. जवळ्याच्या पोत्यात खाली वाळू, शिंपल्यांचे तुकडे आणि ही गोल चपटी मासळी मिसळून आलेली असायची. बाकीच्या बाया ती फेकून द्यायच्या. तू फेकली नाहीस. तुझ्या हातून काही फेकलं जात नसे. तू ती सुपाच्या एका कडेला सारून ठेवलीस, तर एका गिऱ्हाइकिणीनं विचारलं, "हे काय वं?" आणि तू क्षणभरसुद्धा न थांबता म्हणालीस, "टिकली हाय. घेऊन तर बघ, लसूण-तिखटात परतली का पोरं भाकरी मागून खातेत."

नाव तू दिलंस. कुणी शिकवलं नव्हतं. गोल आहे, चमकते, तर टिकली. पुढच्या बाजाराला ती बाई आणखी दोघींना घेऊन आली. मग देवगाव फाट्याला, मग जिंतूरला, बाया विचारायला लागल्या, "टिकली हाय का?" एकदा एका म्हाताऱ्यानं तुला खोदून विचारलं होतं, ही एवढीच का, हिची मोठी मासळी येत नाही का. तू त्याला चांगलंच सुनावलंस. "जवारी बारीक ऱ्हाती, मका मोठा ऱ्हातो. जवारीला तुमी मोठी हो म्हणता का? तसं हिची जातच बारकी." म्हाताऱ्यानं वाटा घेतला. मलाही ते इतकं पटलं की मी शाळेत सांगितलं. रानात राहणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार? बाजारात आलं म्हणजे पिकून आलं, पुरतं वाढून आलं. कुणीतरी कच्चंच उपटून पोत्यात भरलं असेल, हे तुझ्या मनाला शिवलं नाही, कारण तू तसं कधी केलं नव्हतंस.

आणि मग तो दिवस आठवतो, तू मला परभणीला घेऊन गेलीस तो. स्टेशनच्या मागं सुक्या मासळीचा घाऊक व्यापारी, जाड भिंगाचा चष्मा, समोर तराजू. तू त्याला म्हणालीस, "सेठ, जवळा कमी द्या, पण ती गोल गोल बारीक वेगळी काढून आणवा." तो खो खो हसला. "क्या बाई, लोगां कचरा फेंकते, तू मांगती?" तू काही हसली नाहीस. "माझं कचऱ्यावरच चालतंय," म्हणालीस. त्यानं चष्मा वर केला, तुझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "ठीक है. उधर बोल देता, अलग निकालो बोलके." परत येताना एसटीत तू खिडकीशी बसून लय खुशीत होतीस. मीसुद्धा. माझ्या मायनं एका सेठला काम सांगितलं, आणि सेठनं ऐकलं. उधर म्हणजे कुठं, हा प्रश्न तुला पडला नाही, मलाही नाही. उधर म्हणजे हे बंदर, माय. किंवा याच्यासारखं दुसरं. मावशी सांगते, तिच्या तरुणपणी ही पिल्लं जाळ्यात आली तर लोक हातानं पाण्यात सोडायचे. मग वरून मागणी आली, भाव आला, आणि बारीक विणीची जाळी आली.

मी पुन्हा पुन्हा हिशोब लावून बघते. एकटीच्या एका पोत्यानं समुद्र ओस पडत नाही, एवढी अक्कल मला आहे. तुझ्यामागून किती जणी टिकली विकायला बसल्या, किती सेठ झाले. तुझ्या आधीही कुणी कुठं काही विकलं असेलच. पण टिकली हे नाव तुझं होतं, आणि इथं बंदरावर त्याचं परभणी झालं. कितीदा स्वतःला समजावलं तरी बंदरावर तो शब्द ऐकला की थोबाडीत बसल्यासारखं होतं.

थोबाडीत म्हटलं आणि तीही आठवली. दुष्काळाचं साल होतं. घरात दळायला काही नव्हतं, आणि उतरंडीच्या तळाच्या मडक्यात राख चोळून ठेवलेली बियाण्याची जवारी होती. तुम्ही दोघी बाहेर होतात. मी मूठभर काढली, तव्यावर भाजली आणि खाल्ली. तू आलीस, माझ्या तोंडाकडं बघितलंस. ओठांना राख. तू विचारलंसुद्धा नाहीस, काडकन वाजवलीस. तुझा हात माझ्यावर उठला तो तेवढा एकदाच. मग रडायला तूच लागलीस आणि म्हणालीस, "बी खाल्लं तर पेरायचं काय गं, हाडं?" त्या संध्याकाळी तू शेजारून पीठ मागून आणलंस, आम्हांला भाकरी करून घातलीस, पण मडक्याला हात लावला नाहीस. अशी तू. तीच तू पुढं इतकी वर्षं समुद्राचं बियाणं वाट्यावर विकत बसलीस, मोठ्या मायेनं, वर चिमूटभर जास्त घालून. मला हे कसं सहन व्हावं, तूच सांग.

इथल्या बंदरावर गेल्या महिन्यात बैठक झाली. पापलेट आता येतच नाही म्हटलं तरी चालेल. मोठी होडी जाते, चार दिवस फिरते, आणि येते तेव्हा तळाला पिल्लं आणि वर नुसता बर्फ. मावशीचा लेक दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातो, स्वतःची किनाऱ्यावर उपडी पडलीय. गावातल्या जुन्या माणसांनी एक तोड काढली, मला फार आवडली. ज्याच्या जाळ्याच्या भोकातून तीन बोटं जात नाहीत, त्याच्या होडीला गावातला बर्फ द्यायचा नाही. सरकारचा कायदा कागदावर असतो, पण बर्फाशिवाय होडी हलत नाही. सगळे हो म्हणाले. मग एक तरुण होडीवाला उठला. "बर्फ मी बाहेरून आणीन. परभणी घेता हा तोपर्यंत मी पोरां आणतलय. त्यांका सांगा आधी." त्याचंही खोटं नव्हतं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभी राहिले. म्हणाले, "मी परभणीची." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मावशी म्हणाली, "मगे सांग ना गो तुझ्या लोकांका." मॅडमची एकदम मुलगी झाले मी.

म्हणून तिकडं गेले. रजा टाकली, बंदरावरून एक पुरतं वाढलेलं पापलेट घेतलं, थर्माकोलच्या पेटीत बर्फात घालून रेल्वेनं परभणीला आणि तिथून एसटीनं चारठाण्याला. आता तुझ्या जागेवर अक्का बसते. केस तुझ्यासारखेच विरळ झालेत, गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय वासात? मला वाटलं, साहेबीण झाल्यावर नाक बारीक झालं असंल." तिच्यापुढं तीन ढीग होते. जवळा, बोंबील आणि टिकली. टिकलीचा सगळ्यांत मोठा. मी हळू आवाजात तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकता ऐकता दोन गिऱ्हाइकं केली. मग म्हणाली, "मंग? अंडं खातीस का न्हाई तू? त्यात काय कोंबडी नसती? आणि समुद्राला काय कमी हाय गं, लय मोठा हाय म्हणतेत." मी म्हणाले, "अक्का, सगळीच अंडी खाल्ली तर कोंबडी कुठून आणशील?" "ते कोंबडीवाल्यानं बघावं," ती म्हणाली. वाद घालण्यात तिचा हात कुणी धरावा.

मग मी पेटी उघडली. पापलेट काढून पोत्यावर ठेवलं. ताटाएवढं होतं. आणि तिच्या ढिगातली एक टिकली उचलून त्याच्या अंगावर ठेवली. तोच आकार, तसलंच शेपूट, तोंडाची तशीच बारीक चिमूट. अक्काचा हात मापट्यात होता तो तसाच राहिला. आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या. एका म्हातारीनं गुडघ्यावर हात टेकून वाकून पाहिलं, बोटानं आधी लहानीला हात लावला, मग मोठीला, आणि म्हणाली, "ही टिकलीची माय हाय व्हय?" मी हो म्हणाले. म्हातारी म्हणाली, "अगं बाई. आमी जन्मभर लेकरंच खाल्ली की." तिनं नुकताच घेतलेला वाटा पदरात होता. तो परत द्यावा का घरी न्यावा, तिला कळेना. शेवटी घेऊन गेली, नातवंडं वाट बघत होती. तिला कुणी काय म्हणावं?

अक्का माझ्यावर भडकली. दातओठ खात म्हणाली, "झाक ते. गिऱ्हाईक बघायलंय." मग पोतं ओढून तिनंच ते झाकलं. "तुला पगार येतो. तुला समुद्र सुचायलाय. माझी सून ह्या टिकलीमुळं उसाला जात न्हाई, ठावं हाय ना? दोन लेकरं साळंत हायेत तिची. हे बंद केलं तर कोयता घ्यावा लागंल तिला." इथून निघताना मावशीचा चेहरा डोळ्यांसमोर होता, तिथं अक्काचा. दोघींचंही खरं होतं आणि दोघी माझ्याच तोंडाकडं बघत होत्या. बाजार उठेपर्यंत तिनं उरलेली टिकली विकली, झाकलेल्या पोत्याखालून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात न बघता. ते बघून मला लय तकलीफ झाली. आपल्या घरात कुणी मान खाली घालून माल विकला नव्हता.

परत इथं येऊन पंधरा दिवस झाले तेव्हा तिचा फोन आला. म्हणाली, "सेठला सांगितलं, टिकली नको म्हणून. जवळा वाढवून दे म्हणलं." मी विचारलं, "मग?" "मंग काय. सेठ म्हणला, तू नको तर दुसरी घेईल, आणि घेतली बी. माझ्या बाजूलाच बसती. तिची गर्दी बघत मी जवळा पाखडते." मी सुनेचं विचारलं. म्हणाली, "औंदा उसाला जायलीय. लेकरं माझ्याजवळ ठेवून." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मी म्हणाले, "अक्का, मी तुला बंद कर असं नव्हतं म्हटलं." ती म्हणाली, "तू न्हाई म्हणलीस. मला विकवंना. ती माय-लेक एकावर एक ठेवलीस ना, ते डोळ्यापुढून जाईना." पापलेटाच्या गोष्टीत मी जिंकले की हरले, मला अजून कळलेलं नाही. इथं बर्फाची तोड चालू आहे, काही होड्या मोठ्या विणीची जाळी नेतायत, परभणीचा ढीग थोडा लहान झालाय. मावशीला वाटतं, ते माझ्यामुळं. मी तिला सांगितलेलं नाही की त्यासाठी कुणी कोयता उचलला.

फोन ठेवता ठेवता अक्कानं विचारलं, "मायला ठावं व्हतं का गं? ही लेकरं हायेत म्हणून?" मी एका दमात म्हणाले, "नाही. तिला कुठून ठाऊक असणार?" अक्का म्हणाली, "बरं झालं. न्हाईतर तिला घास गेला नसता." आणि फोन बंद झाला. इतक्या वर्षांत कधी वर न आलेली एक दुपार समोर येऊन उभी राहिली. ती आठवल्यापासून मला झोप नाही.

मी परभणीला शिकत होते, वसतिगृहात. तू सेठकडं माल घ्यायला आली होतीस आणि जाता जाता मला भाकरीचं गाठोडं द्यायला फाटकाशी थांबलीस. अंगाला सुकटाचा वास, डोक्यावर पोतं. माझ्यासोबतच्या दोन मुली थोड्या अंतरावर उभ्या राहून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तू लवकर जावीस एवढंच मनात होतं. आणि तू मात्र पोतं खाली ठेवलंस, नीट टेकलीस आणि म्हणालीस, "तू मासळीचंच शिकायलीस ना? मंग मला एक सांग. धरणाच्या मासळीत मिरगाला अंडी सापडतेत. इतकी वर्सं टिकली साफ करायले मी, एकीच्याबी पोटात अंडी कशी न्हाईत?" तू विचारून माझ्याकडं बघत राहिलीस. खरंच जाणून घ्यायचं होतं तुला. मला उत्तर ठाऊक नव्हतं. कुणाला विचारावं, असंही वाटलं नाही. मी म्हणाले, "वाळल्यावर अंडी दिसत नाहीत." तू मान हलवलीस. "असंल. तू शिकलेली हायेस," म्हणालीस, पोतं उचललंस आणि गेलीस. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. पुढं तू होतीस तोवर त्याच भरवशावर टिकली विकत राहिलीस. अक्काला मी हे सांगितलेलं नाही, माय. तिला अजून वाटतं, आपल्या घरात हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.